चौथा प्रश्न

१

सल्लाचिठ्ठ्यांच्या वहीत एक्केचाळीस नंबरनंतर थेट त्रेचाळीस नंबर होता. मधली चिठ्ठी कुणीतरी काढून घेतली होती, आणि जिच्यासाठी ती लिहिली होती ती बाई रक्ताची उलटी होऊन इस्पितळात पडली होती.

"बघा," प्राचार्या मॅडम म्हणाल्या आणि वही माझ्याकडे सरकवली. "झेरॉक्स मशीन आठवडाभर बंद आहे, नाहीतर प्रत काढून पाठवली असती. म्हणून तुम्हालाच बोलावलं."

मला खरं तर काहीच बघायचं नव्हतं. गुरुवारची सकाळ होती, डोकं आदल्या दिवसापासून ठणकत होतं, आणि निवृत्तीला चार महिने उरलेल्या माणसाला कुणी 'जरा बघा' म्हटलं की तो आधी दाराकडे बघतो. मी खिशातली डोकेदुखीची गोळी काढली, मॅडमच्याच पाण्याने गिळली आणि वही पुढे ओढली.

आमचं कॉलेज फार्मासिस्ट घडवतं. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला कॉलेजचंच औषधांचं दुकान आहे, खरंखुरं. शेवटच्या वर्षाची मुलं तिथे पाळीपाळीने काउंटरवर उभी राहतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणी 'एखादी गोळी द्या हो' म्हणत आलं, की त्यांनी दहा प्रश्न विचारायचे, मग गोळी द्यायची किंवा माणसाला डॉक्टरकडे धाडायचं, आणि काय सांगितलं ते सल्लाचिठ्ठीवर लिहायचं. एक प्रत माणसाच्या हातात, एक वहीत. ते दहा प्रश्न भिंतीवर लावलेत. माझेच आहेत. एकतीस वर्षं मी ते पोरांच्या डोक्यात ठोकतोय. त्यातला चौथा, 'सध्या दुसरं कुठलं औषध चालू आहे का?', हा तर मी इतक्या वेळा बोललोय की माझी बायको म्हणायची, तुम्ही झोपेतही तोच विचारता. ती जाऊन दोन वर्षं झाली. प्रश्न अजून चालू आहे.

"बाई शिवणकाम करते," मॅडम सांगत होत्या. "रक्त पातळ करायची गोळी दोन वर्षं घेतेय. त्यावर आपल्या दुकानातली दुखण्यावरची गोळी तीन दिवस घेतली. पोटात रक्तस्राव. तिच्या मुलीला पर्समध्ये हे सापडलं, चिठ्ठी मात्र नाही."

गोळ्यांचं तपकिरी पाकीट. आमचा शिक्का, मागच्या आठवड्यातल्या बुधवारची तारीख.

"त्या बुधवारी अकरा ते बारा काउंटरवर शेवटच्या वर्षातली मौनी होती," मॅडम म्हणाल्या. "गोळी दिली हे तिने कबूल केलंय. म्हणते सगळं विचारलं, चिठ्ठी लिहिली, वहीत ठेवली. मग गेली कुठे? शनिवारी समिती बसतेय. चूक झाली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. पण चूक करून पुरावा फाडला असेल, तर पदवी विसरा, तिला आयुष्यात कुणी परवाना देणार नाही. तुमचं ती ऐकते. तुम्ही बोला सगळ्यांशी."

दार ढकलून ऑफिसचे भाऊसाहेब टपाल घेऊन आले. कॉलेजात माझ्याहून जुना हा एकच माणूस. त्यांनी सवयीप्रमाणे खिशातली स्टीलची पट्टी काढून लखोटे एकामागून एक फोडले, वहीकडे एकदा पाहिलं आणि निघून गेले.

मी वही उजेडात धरली. बेचाळीस नंबरचं बूड शिलाईला चिकटून राहिलं होतं. त्याची कड वरपासून खालपर्यंत सरळ होती.

"मॅडम," मी म्हटलं, "हे फाडलेलं नाही. कापलंय. घाबरलेला माणूस इतकं निगुतीनं काम करत नाही."

२

माझ्या टेबलावर जागा नव्हती. प्रात्यक्षिकांच्या वह्या, हजेरीपत्रकं, आणि नाटकी पेशंटांच्या गुणांची नऊ बंद पाकिटं. मुलं काउंटरवर कशी बोलतात हे कळावं म्हणून आम्ही बाहेरची माणसं पाठवतो. ती न सांगता येतात, मी लिहून दिलेलं दुखणं पाठ करून सांगतात आणि नंतर मुलांना गुण देतात. ही माणसं कोण, हे ऑफिसलाच ठाऊक असतं. मलासुद्धा कळवायचं नाही हा नियम माझाच, कारण माझ्या तोंडावरून पोरं ओळखतात. कल्पना चांगली होती. पण तपासायला मीच, आणि हल्ली ती पाकिटं उघडणं जिवावर यायचं. मी ती गठ्ठ्याने उचलून खिडकीत ठेवली आणि पोपटाला बोलावलं.

पोपट म्हणजे वर्गातला पहिला नंबर. दहा प्रश्न तो एका दमात म्हणतो. समोरचा पहिल्याचं उत्तर देईपर्यंत याचा सातवा झालेला असतो.

"सर, माझी पाळी अकराला संपली, एक्केचाळीस माझीच," तो म्हणाला. "मग वाचनालयात होतो. सही आहे तिथे."

"मौनीचं आणि तुझं बरं आहे ना?"

"बरं म्हणजे..." त्याने नजर चुकवली. "मोठ्या इस्पितळात नोकरीची एकच जागा आहे सर. आमच्या दोघांतून एक जाणार."

"म्हणजे ती घरी बसली तर तू जाणार."

त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण शब्द तोंडातून गेला होता. दमलेल्या माणसाच्या तोंडाला कुंपण राहत नाही.

"सर, मला ती जागा हवीय. फार हवीय. पण अशी नको," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? मी बारा वाजता परत डोकावलो होतो, पेन विसरलो म्हणून. तेव्हा बेचाळीस वहीत होती. तिचं अक्षर मी ओळखतो. वाचली पण मी."

मी ताठ बसलो. "काय होतं तीत?"

"गुडघेदुखी. इतर औषधं, नाही. अ‍ॅलर्जी, नाही. पोटाचा त्रास, नाही. सगळीकडे नाही, नाही, नाही. मला तर हसूच आलं. इतका स्वच्छ पेशंट आम्हाला कधी मिळत नाही."

३

बारा ते एक पाळी होती मोठ्याची. हा वयानेच मोठा. दहा वर्षं दुसऱ्याच्या औषधांच्या दुकानात पुड्या बांधून मग शिकायला आलेला, दोन मुलांचा बाप. हात इतका चालू की माणूस खोकला की याने बाटली काढलेली. प्रश्न विचारण्यावरून मी त्याला वर्षभर बोलतोय.

तो समोर बसला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "सर, चूक माझी आहे."

मला क्षणभर चक्क बरं वाटलं. सुटलो, संपलं, घरी जाऊन पडता येईल.

"बुधवारी बाराच्या आधीच मी काउंटरवर आलो होतो. मौनी त्या काकूंशी बोलत होती. तेवढ्यात एक ड्रायव्हर आला डोकं धरून. मी त्याला गोळी दिली, चिठ्ठी न लिहिता. गर्दी होती म्हणून. त्या दिवशी नियम मोडला तो मी, आणि नाव तिचं येतंय."

म्हणजे कबुली होती, पण भलत्याच गुन्ह्याची. मी डोळे चोळले.

"आणि बेचाळीस नंबर?"

"त्याला मी हात लावला नाही. एकपर्यंत मी होतो. एकला दुकान बंद करून जेवायला गेलो, तेव्हा ती वहीत होती. दोनला उघडलं तेव्हा पाहिलं नाही."

"एक ते दोन दुकानात कोण होतं?"

"कुणीच नाही. किल्ली खाली ऑफिसात अडकवतो."

मी ते लिहून घेतलं. ऑफिसच्या दारावरून दिवसभर अख्खं कॉलेज ये-जा करतं, त्यामुळे त्याचा फारसा उपयोग दिसेना. तो उठला, दारापर्यंत गेला आणि वळला.

"सर, एक सांगू? त्या काकू मला पटल्या नाहीत."

"पटल्या नाहीत म्हणजे?"

"दहा वर्षं मी दुखणाऱ्या माणसांसमोर उभा आहे. दुखणारा माणूस सरळ बोलत नाही. गुडघा विचारला तर सुनेचं सांगतो, मध्येच पाणी मागतो, कधीपासून म्हटलं तर 'झाले की बरेच दिवस' म्हणतो. या काकू म्हणाल्या, 'तीन आठवड्यांपासून, उजवा गुडघा, सूज नाही.' असं कोण बोलतं सर? पण लंगडत होत्या, ते मात्र खरं होतं. ते मला अजून कळलेलं नाही."

मलाही कळलं नाही. दुखणं खरं आणि बोलणं खोटं, असं कसं होईल? मी दुसरी गोळी घेतली आणि इस्पितळात गेलो.

४

आईला अजून झोपेचं औषध दिलेलं होतं. मुलगी बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर घडी घातलेली आईची साडी. ती माझ्यावर ओरडेल अशी मी तयारी केली होती. ती ओरडली नाही, तेच जड गेलं.

"माझी आई वेंधळी नाही हो," ती म्हणाली. "दोन वर्षांत एक गोळी चुकवली नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, ताप आला तरी औषधवाल्याला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. ते ती शेजारणींना ऐकवते. साधी सर्दीची गोळी आणायला गेली तरी आधी सांगते, माझं रक्त पातळ करायचं औषध चालू आहे. मग तुमच्याकडे सांगितलं नाही असं कसं होईल?"

"तिला विचारलं होतं असं आमची मुलगी म्हणते."

"मग तुमची मुलगी खोटं बोलते."

एक बाई, जी न विचारताच सांगते. एक विद्यार्थिनी, जी विचारल्याशिवाय गोळी देत नाही. या दोघी समोरासमोर आल्या आणि मधल्या मध्ये ती एकच गोष्ट हरवली. दोघींतली एक खोटी ठरायला हवी होती.

"त्या आमच्या दुकानात मुद्दाम का आल्या?" मी विचारलं. "तुमचं घर तर लांब आहे."

"आईचं कॉलेजात जाणं-येणं असतं. तुमच्या मुलांचे पांढरे कोट तीच शिवते ना. गठ्ठा ऑफिसात नेऊन देते."

मी मान डोलावली आणि निघालो. एकतीस वर्षं ते कोट बघतोय, ते कोण शिवतं हे मला माहीत नव्हतं.

५

मौनीला मी शुक्रवारी प्रयोगशाळेत भेटलो. ती कमी बोलते म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. आई-बाप नाहीत, मावशीने वाढवलं. मावशी दुसऱ्यांच्या घरी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते आणि भाचीची पदवी या जूनमध्ये होणार म्हणून दिवस मोजते. आज ती मावशी बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. मला बघून तिने पदर सावरला आणि हात जोडले. मला तिच्याकडे बघवेना.

"सगळं सांग," मी मौनीला म्हटलं. "त्या काय म्हणाल्या, तू काय म्हणालीस. शब्द न बदलता."

ती हळू बोलते, पण तिचं लक्ष पक्कं असतं.

"मी दहाही विचारले. चौथा दोनदा विचारला. पहिल्यांदा त्या नाही म्हणाल्या, पण म्हणायच्या आधी थांबल्या. एवढंसंच. म्हणून मी परत विचारलं, रोजची एखादी छोटी गोळी? हृदयाची? रक्ताची? त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'नाही.' हातावर एक निळा डाग होता. तोही विचारला. 'काही नाही' म्हणाल्या." तिचा आवाज बारीक झाला. "सर, मी अजून थोडं थांबायला हवं होतं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी वाट बघायला हवी होती."

"चिठ्ठी तू कापलीस?"

"नाही."

"कुणी कापली असेल?"

"माहीत नाही सर. पण ती सापडली तरी काय होणार? त्यावर 'इतर औषधं नाहीत' असंच आहे. माझ्याच अक्षरात. ती बाई तर आजारी आहेच ना."

तिला स्वतःच्या सुटकेपेक्षा त्या बाईची काळजी जास्त होती. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी फार थकल्यासारखं झालं. ही मुलगी उद्या घरी बसणार आणि मी कागदावर सही करणार.

"दुखणं कसं सांगितलं त्यांनी?" उगाच, शेवटचं म्हणून मी विचारलं.

"म्हणाल्या, 'बसले असले की काही नाही गं. उठायला लागले की आधी गुडघा ओरडतो, मग मी.' मला ते इतकं आवडलं की मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं."

मी वही मिटून उभा राहिलो.

ते वाक्य माझ्या बायकोचं होतं. स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावरून उठताना ती रोज म्हणायची, आणि स्वतःच हसायची. ते जगात दोनच ठिकाणी होतं. एक माझ्या डोक्यात, आणि दुसरं मी गेल्या वर्षी लिहिलेल्या एका कागदावर.

६

जिना चढताना मला धाप लागली. नऊ पाकिटं खिडकीत होती तशीच होती. वरून दुसऱ्याच पाकिटावर त्या बुधवारची तारीख होती.

आत गुणपत्रक होतं. नाटकी पेशंट क्रमांक चार, गुडघेदुखी. दहापैकी दहा. खाली शेऱ्याच्या जागी गोलसर अक्षरात लिहिलं होतं: 'पोरगी फार मायेने बोलली. एक प्रश्न दोनदा विचारला. खोटं सांगताना मलाच कसंतरी झालं.' आणि त्याला टाचणीने जोडलेल्या दोन चिठ्ठ्या, दोन्ही बेचाळीस नंबरच्या. पेशंटची आणि वहीतली. कोपऱ्यात मौनीच्या अक्षरात माझ्या बायकोचं वाक्य.

सारं कॉलेज जी चिठ्ठी शोधत होतं, ती नऊ दिवस माझ्या टेबलावर होती. आणि काल ती मीच उचलून खिडकीत ठेवली होती.

मी भाऊसाहेबांकडे गेलो आणि पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. ते पट्टीशी चाळा करत राहिले.

"नेहमी वहीतल्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडतो," ते म्हणाले. "मशीन बंद. म्हटलं, मूळच कापून घेऊ, दुरुस्त झालं की चिकटवू. जेवणाच्या सुट्टीत गेलो, पोरांना कळू नये म्हणून."

"आणि गोळ्या? नाटकी पेशंटने गोळ्या ऑफिसात परत द्यायच्या असतात, आणि त्या याच पाकिटात घालून माझ्याकडे यायला हव्यात."

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. "कोट शिवते ती. चेहरा बोलका, आणि गुडघा खरंच दुखतो, म्हणून मीच तिला हे काम दिलं. म्हटलं, नाटक करावं लागणार नाही. चिठ्ठी दिली तिने, गोळ्या हातात धरून उभी राहिली. म्हणाली, 'साहेब, गुडघा माझा खरंच दुखतोय, ठेवू का? मला चालतील ना?' मी म्हटलं, ठेवा की. आपल्या पोरांनी एवढं विचारून दिल्यात."

"भाऊसाहेब, तुम्ही फार्मासिस्ट आहात का?"

"नाही सर." त्यांचे डोळे भरले. "मंगळवारी कळलं तिला दाखल केलंय. मी मूग गिळून बसलो. नोकरी जाईल वाटलं. पण पाकीट तुमच्या टेबलावर होतं. रोज वाटायचं, आज सर उघडतील. आज उघडतील. म्हणजे मला बोलावं लागणार नाही."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. चिडण्याइतकं अंगात उरलं नव्हतं, आणि हक्कही उरला नव्हता. मी परत वर गेलो, माझ्याच कपाटातून क्रमांक चारचा मूळ कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचला. वय, दुखणं, किती दिवस, कुठला गुडघा. इतर औषधं: नाही. आणि तळाला, माझ्या सहीच्या वर, मी मोठ्या हौसेने घातलेली सूचना: 'यापलीकडे विद्यार्थ्याने काहीही विचारल्यास फक्त नाही म्हणावे.'

७

शनिवारी सकाळी समितीच्या आधी मी इस्पितळात गेलो. त्या जाग्या होत्या, उशीला टेकून बसलेल्या, चेहरा कागदासारखा. मी कोण ते सांगितलं. मुलीने मान फिरवली.

"तो कागद तुम्ही लिहिलेला?" त्या म्हणाल्या. आवाज खोल गेला होता.

"हो ताई."

"छान लिहिलं होतं. माझंच दुखणं. तो गुडघा आधी ओरडतो ते... मी वाचून हसले. वाटलं, ज्याने हे लिहिलं त्याला माझं सगळं ठाऊक असणार. मला बघूनच लिहिलं असणार. म्हणजे गोळीही मला बघूनच ठरवली असेल."

"आणि तिने विचारलं तेव्हा?"

"ती पोर विचारत होती, आणि मला सांगावंसं वाटत होतं. दोनदा तोंडापर्यंत आलं. पण कागदावर नाही म्हणा असं होतं. तिचे गुण जातील माझ्यामुळे, असं वाटलं." त्या थोडं थांबल्या. "नंतर मी ऑफिसात विचारलं की, मला चालतील ना म्हणून. डॉक्टर सांगतात औषधवाल्यांना विचारून घ्या. मी तर औषधवाल्यांच्या कॉलेजातच विचारलं."

मी त्यांच्या उशाशी स्टूल ओढून बसलो.

"तिचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "पूर्ण गुण दिले होते मी."

"मिळतील तिला. ताई, माझं चुकलं."

"तिने मला सगळं विचारलं," त्या म्हणाल्या, "पण उत्तरं मी तुमची दिली. माझं मला कुणी विचारलंच नाही." रागावून नाही, नुसतं सांगितलं. मग त्यांनी डोळे मिटले.

८

समितीपुढे मी पाकीट ठेवलं, कापलेली चिठ्ठी वहीच्या बुडाला लावून दाखवली, आणि सगळं ओळीने सांगितलं. दोघींतली एकही खोटी नव्हती. बाईने नेमून दिलेलं काम केलं आणि मुलीने शिकवलेलं सगळं केलं, त्याहून थोडं जास्तच केलं. मोठ्याला ती बाई पाठ केल्यासारखी वाटली कारण तिने पाठ केलंच होतं, आणि लंगडणं खरं वाटलं कारण ते खरं होतं. पोपटाला चिठ्ठी फार स्वच्छ वाटली कारण ती एका जिवंत बाईची नव्हतीच, ती माझ्या कागदाची होती. गोळी मात्र जिवंत बाईच्या पोटात गेली.

"ऑफिसकडून अनवधानाने, असं लिहू या का?" मॅडम हळूच म्हणाल्या. त्या चांगल्या आहेत. मला वाचवायला बघत होत्या. "चार महिने राहिलेत तुमचे."

भाऊसाहेबांवर खापर फुटलं असतं. सोपं होतं. आणि खरं सांगतो, एक क्षण मला ते हवंसं वाटलं.

"नको," मी म्हटलं. "नाटकी पेशंट नेमायच्या आधी त्यांना एक प्रश्न विचारायला हवा होता. चौथा. तो विचारायचा नियम मी कधी केलाच नाही. पाकीट उघडायचं काम माझं, तेही केलं नाही. उघडलं असतं तर गोळ्या परत आल्या नाहीत हे मला त्याच दिवशी कळलं असतं. असंच लिहा."

त्यांनी तसंच लिहिलं. त्याच दिवसापासून मला घरी बसायला सांगितलं. निरोप समारंभ आता होणार नाही. मला त्याचं दुःख झालं, इतकं होईल असं वाटलं नव्हतं.

बाहेर मावशी आणि मौनी बाकावर बसल्या होत्या. मी सांगितलं. मावशीने तोंडाला पदर लावला आणि रडायला लागली. मौनीने फक्त विचारलं, "त्या कशा आहेत?"

"उठून बसल्यात. तुझी चौकशी करत होत्या."

तिने मोठा श्वास सोडला. मी बाकाच्या टोकाला टेकलो. डोकं फुटत होतं. हात सवयीने खिशात गेला, गोळी बाहेर आली.

"सर," मौनी म्हणाली, "ही आज कितवी?"

"असेल तिसरी."

"कधीपासून घेताय?"

"झाले की बरेच दिवस," मी म्हणालो, आणि मला मोठ्याची आठवण झाली.

तिने माझ्या हातातली गोळी अलगद काढून घेतली आणि तिच्या वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचलं. मग माझ्याकडे वळली. भिंतीवर बघून नाही, माझ्याकडे बघून तिने विचारलं, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

पण म्हणायच्या आधी मी थांबलो होतो, एवढंसंच. तिच्या ते लक्षात आलं. ती काही बोलली नाही, उठली नाही. गोळी मुठीत धरून ती माझ्या शेजारी बसून वाट बघत राहिली. व्हरांड्यातून मुलं जात होती, शिपाई आमच्याभोवती फरशी पुसून गेला, तरी ती बसूनच होती.

"रक्तदाबाची आहे एक," मी शेवटी म्हणालो. "बायको गेल्यापासून कधी घेतो, कधी विसरतो. आणि एक झोपेची."

"बरं," ती म्हणाली. "सावकाश सांगा सर. मी लिहून घेते."